रँडम रचना कुठे पुरते आणि कुठे कमी पडते: चौकोन टाळण्याच्या एका गणिताच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टसाठी कॉम्बिनेटोरिक्समधली संभाव्यतेची पद्धत घेतली आहे, म्हणजे रँडम रचना घेऊन हवी ती वस्तू असतेच हे दाखवायची रीत. छापील सिद्धता वाचल्या की समजतात. मग तुम्ही स्वतःहून एक गणित घेतलं: न शिरोबिंदूंच्या ग्राफमध्ये (बिंदू, आणि त्यांच्या काही जोड्यांना जोडणाऱ्या कडा) एकही चौकोन, म्हणजे चार कडांचं चक्र, येऊ न देता जास्तीत जास्त किती कडा बसतील? रँडम ग्राफ घेतला, प्रत्येक चौकोनातली एक कड खोडली आणि न^(४/३) च्या घरातल्या कडा उरल्या. (^ म्हणजे घात.) पुस्तकातलं उत्तर मात्र न^(३/२) आहे. तेव्हा चूक कुठे झाली, आणि एकूणच कुठल्या प्रश्नाला कुठली पद्धत लावायची हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी जाता जाता हेही विचारलं आहे की संशोधनासाठी मेझर थिअरीपासून, म्हणजे संभाव्यतेच्या अमूर्त पायापासून, प्रोबॅबिलिटी शिकावी लागेल का.

तुमच्या गणितात चूक नाही. त्या रीतीने तेवढंच निघतं. तुम्ही पद्धती पाठ करून मग प्रश्नाला जुळवून पाहताय, आणि अडचण तिथे आहे. पद्धत ठरवण्याआधी स्वतःला विचारायचं की आपण शोधतोय तो सर्वोत्तम ग्राफ दिसायला कसा असेल: कुठेही पाहिलं तरी नाणेफेकीसारखा, की प्रत्येक जोडीचा हिशेब तंतोतंत जुळलेला? याचा अंदाज आला की पद्धत आपोआप अर्धी ठरते. अंदाज कसा बांधायचा ते तुमच्याच उदाहरणावर दाखवतो.

स्थिरांकांसकट पाहू. प्रत्येक जोडीत प संभाव्यतेने कड घातली, तर कडांचं अपेक्षित मूल्य साधारण प × न^२ / २. चार बिंदूंवर चौकोन तीन तऱ्हांनी बसतो, त्यामुळे शक्य चौकोन साधारण न^४ / ८ आणि त्यातला प्रत्येक प^४ संभाव्यतेने उभा राहतो. खोडाखोड झाल्यावर उरणाऱ्या कडांची अपेक्षा किमान (प × न^२ / २) − (प^४ × न^४ / ८). ही राशी सर्वांत मोठी होते प = न^(−२/३) ला, आणि तिथे ती ३/८ × न^(४/३) भरते. निषिद्ध ग्राफला व बिंदू आणि क कडा असतील, तर हीच रीत २ − (व−२)/(क−१) हा घातांक देते. चौकोनाला दोन्ही ४, म्हणून ४/३.

हे आणखी चतुराईने करता येईल असं वाटतं. उदाहरणार्थ, कडा रँडम क्रमाने एकेक घ्यायच्या आणि चौकोन करणारी तेवढी टाळायची. या प्रक्रियेचा कसून अभ्यास झाला आहे. बोहमन आणि कीवाश यांनी २०१० मध्ये दाखवलेल्या मर्यादेनुसार तीत न^(४/३) × (लॉग न)^(१/३) च्या घरातल्या कडा मिळतात, आणि चौकोनासाठी त्याहून जास्त मिळत नाहीत हेही पुढे सिद्ध झालं. मिळाला तो लॉगचा एक किरकोळ गुणक. घातांक जागचा हलत नाही.

आता वरची मर्यादा पाहा. चौकोन नाही याचा अर्थ कुठल्याही दोन बिंदूंना सामाईक शेजारी एकापेक्षा जास्त नाही. प्रत्येक बिंदूजवळ उभं राहून त्याच्या शेजाऱ्यांच्या जोड्या मोजा. कुठलीही जोडी दोनदा मोजली जाणार नाही, म्हणून एकूण बेरीज न(न−१)/२ च्या आत. बिंदूची डिग्री म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांची संख्या; डिग्री समान असतील तेव्हा ही बेरीज सर्वांत कमी असते. ही बहिर्वक्रता लावली की कडा ≤ (न/४)(१ + √(४न−३)).

न = ५७ घ्या. ४ × ५७ − ३ = २२५, वर्गमूळ १५, मर्यादा २२८. सात घटकांच्या सांत क्षेत्रावरच्या (७ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या अंकगणितावरच्या) प्रोजेक्टिव्ह प्रतलात, म्हणजे कुठल्याही दोन रेषा एका बिंदूत भेटतातच अशा प्रतलात, नेमके ५७ बिंदू असतात. दोन बिंदूंच्या निर्देशकांचा अदिश गुणाकार शून्य असेल तर ते जोडा. एका बिंदूचे सगळे शेजारी मिळून एक रेषा होते, आणि दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, म्हणून कुठल्याही दोन बिंदूंना एकच सामाईक शेजारी. प्रत्येकाला ८ शेजारी, पण ८ बिंदू स्वतःलाच लंब असल्याने ती वेटोळी वजा करायची: (४५६ − ८)/२ = २२४ कडा. ही रचना १९६६ साली ब्राउनने, आणि स्वतंत्रपणे एर्डोश, रेन्यी आणि शोश यांनी दिली. तुमच्या रीतीने न = ५७ ला अचूक संख्या घालून पाहिलं तर सर्वोत्तम प सुमारे ०.०७ येतो आणि हमी मिळते सुमारे ८३ कडांची. छत २२८, बीजगणितातून २२४, नाणेफेकीतून ८३.

इतका फरक का पडतो? न^(३/२) च्या घरातल्या कडा हव्या असतील तर घनता प = न^(−१/२) हवी. त्या घनतेला दोन बिंदूंच्या सामाईक शेजाऱ्यांची अपेक्षा न × प^२, म्हणजे बरोब्बर १. सरासरी अगदी हवी तेवढी आहे! पण रँडम ग्राफमध्ये ही संख्या सरासरीवर स्थिर राहत नाही, ती पॉयसाँ वितरणाने पसरते. न मोठा असताना सुमारे ३७ टक्के जोड्यांना सामाईक शेजारीच नसतो, ३७ टक्क्यांना एक असतो आणि उरलेल्या २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त असतात. म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त जोड्या नियम मोडतात, आणि त्याच वेळी एक तृतीयांशाहून जास्त जोड्यांची जागा वाया जाते. चौकोन होतात न^२ च्या घरात, तर कडा आहेत फक्त न^(३/२) च्या घरात. चौकोनामागे एक कड खोडायला गेलात तर ग्राफच संपेल, म्हणून प उतरवत न^(−२/३) पर्यंत यावं लागतं. सरासरीभोवतीचा हा पसारा ही रँडम पद्धतीची किंमत आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘प्रत्येक जोडीला नेमका एक’ अशा घट्ट अटीवर उभं आहे, तिथे ती किंमत घातांकात मोजावी लागते.

यातून एक काम सवयीने करायचं: वरच्या मर्यादेची सिद्धता उलटी वाचायची. प्रत्येक असमानतेपाशी थांबून विचारायचं की इथे समानता केव्हा येईल. चौकोनाच्या सिद्धतेत दोनच जागा आहेत. एका ठिकाणी सगळ्या डिग्री समान हव्यात, दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक जोडीला नेमका एक सामाईक शेजारी हवा. हे तर ब्लॉक डिझाइनचंच, म्हणजे प्रत्येक जोडी ठरलेल्या इतक्याच गटांत येते अशा मांडणीचं, वर्णन झालं. अटी अशा काटेकोर निघाल्या की सांत क्षेत्रं, प्रोजेक्टिव्ह भूमिती, डिझाइन यांकडे वळायचं. अटी ‘सगळीकडे घनता सारखी’ एवढंच म्हणत असतील तर रँडम ग्राफ जवळपास सर्वोत्तम असण्याची शक्यता चांगली. आणि वरची मर्यादाच माहीत नसेल तर आधी ती काढायला बसायचं, कितीही ढोबळ असली तरी चालेल. दोन्ही टोकं हातात नसताना खालच्या मर्यादेवर महिनोन्‌महिने घालवणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे.

रँडम रचना खरोखर जिंकते ते रॅम्झीच्या प्रश्नात. पूर्ण ग्राफच्या (ज्यात प्रत्येक जोडी जोडलेली असते) कडा दोन रंगांत रंगवायच्या आणि क बिंदूंचा एकरंगी पूर्ण ग्राफ टाळायचा. किती बिंदूंपर्यंत जमेल? हातची रचना सोपी आहे: क−१ गट, प्रत्येकात क−१ बिंदू, गटाच्या आत लाल, गटागटांत निळा. (क−१)^२ बिंदूंपर्यंत काम होतं. एर्डोशने १९४७ मध्ये नाणं उडवून रंगवलं: एकरंगी क-समूहांची अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी असेल तर एखादी रंगवणूक दोषमुक्त असलीच पाहिजे.

इथे आकडे घालून पाहणाऱ्यांची फसगत होते, म्हणून थोडं थांबतो. क = ५ ला एर्डोशची अट फक्त ११ बिंदूंपर्यंत टिकते (११ पैकी ५ च्या निवडी ४६२, ही संख्या ५१२ हून कमी आहे; १२ ला ७९२ होते), तर गटांची रचना १६ देते. खरी रॅम्झी संख्या, म्हणजे जिथून टाळणं अशक्य होतं ती बिंदूंची संख्या, ४३ ते ४६ मध्ये आहे. इथवर पाहिलं तर रँडम पद्धत दुबळी वाटते. क = १० ला चित्र पालटतं: गट ८१, रँडम नेमके १००. क = २० ला गट ३६१ आणि रँडम ५,८०० हून जास्त. एक बाजू क च्या वर्गाने वाढते, दुसरी २^(क/२) च्या वेगाने. म्हणून लहान उदाहरणांवरून पद्धतीचा कस लावू नका. घातांकांची तुलना करा आणि मग आकडे पाहा. रॅम्झीच्या वरच्या बाजूला १९३५ ची एर्डोश आणि सेकेरेश यांची मर्यादा ४^क च्या घरातली होती. तिचा पाया ४ च्या खाली आणायला २०२३ साल उजाडावं लागलं. ते काम काम्पोस, ग्रिफिथ्स, मॉरिस आणि सहस्रबुद्धे यांचं. खालचा पाया √२ मात्र १९४७ पासून जिथे होता तिथेच आहे, आणि हातात धरून दाखवता येईल अशी कुठलीही रचना अजून त्या घातांकी वाढीपर्यंत पोचलेली नाही.

निषिद्ध आकृती तीच ठेवून एक अट वाढवली तरी उत्तर दुसऱ्या टोकाला जातं, हे त्रिकोणावरून नीट कळतं. त्रिकोण नसलेल्या ग्राफमध्ये कमाल कडा न^२/४, हे मँटेलने १९०७ मध्येच दाखवलं. बिंदूंचे दोन समान भाग करून भागाभागांत सगळ्या कडा घातल्या की झालं. खोडण्याची रीत इथे न^(३/२) वर अडकते, म्हणजे पार मागे. पण आता सांगा की त्रिकोण तर नकोच, शिवाय परस्परांना न जोडलेल्या बिंदूंचा मोठा संचही (स्वतंत्र संच) नको. वरचा दोन भागांचा, म्हणजे दुभागी, ग्राफ ताबडतोब बाद होतो, कारण त्याचा अर्धा भाग म्हणजे असाच संच. इथे रँडम प्रक्रिया पुन्हा सर्वोत्तम ठरते: त्रिकोण आणि क बिंदूंचा स्वतंत्र संच टाळणाऱ्या रॅम्झी संख्येची वाढ क^२ / लॉग क आहे. वरची बाजू १९८० ची, आय्ताई, कोम्लोश आणि सेमेरेदी यांची. खालची १९९५ ची, किमची.

सध्याच्या संशोधनात सगळ्यात जोमदार काम या दोन टोकांच्या मध्ये चाललंय. मॅथ्यूस आणि फर्स्ट्राटे यांचा २०२३ चा निकाल प्रोजेक्टसाठी समोर ठेवण्याजोगा आहे. चार बिंदूंचा पूर्ण ग्राफ टाळायचा आणि ट बिंदूंचा स्वतंत्र संचही टाळायचा. त्यांनी ट^३ / (लॉग ट)^४ एवढी खालची मर्यादा दिली, आणि वरची ट^३ / (लॉग ट)^२ आधीच माहीत होती. रीत पाहा. सुरुवात हर्मिशियन युनिटल या भौमितिक रचनेपासून, म्हणजे सांत प्रोजेक्टिव्ह प्रतलातल्या बिंदूंच्या एका खास संचापासून. तिच्या छेदक रेषा (तिला एकाहून जास्त बिंदूंत छेदणाऱ्या) हेच ग्राफचे बिंदू, आणि दोन रेषा युनिटलच्या बिंदूत भेटल्या की जोडायच्या. हा ग्राफ पूर्ण ग्राफांच्या गठ्ठ्यांनी बनतो, युनिटलच्या प्रत्येक बिंदूमागे एक गठ्ठा. युनिटलमध्ये एक विशिष्ट आकृती (चार रेषा दोन-दोन करून सहा वेगळ्या बिंदूंत भेटतात ती) येतच नाही हे जुनं तथ्य आहे. त्यामुळे चारांचा कुठलाही पूर्ण ग्राफ घेतला तर त्यातले किमान तीन बिंदू एकाच गठ्ठ्यात सापडतात. मग प्रत्येक गठ्ठ्याचे नाणेफेकीने दोन भाग करून फक्त भागाभागांतल्या कडा ठेवायच्या. गठ्ठ्यात त्रिकोण उरला नाही, म्हणून चारांचा पूर्ण ग्राफही उरला नाही. शेवटी स्वतंत्र संचांची मोजणी करून बिंदूंचा रँडम नमुना उचलायचा. काटेकोर अट भूमितीने सांभाळली, पसरट अट नाणेफेकीने. कुठली अट कोणाकडे सोपवायची हा निर्णय हेच त्या कामाचं मर्म आहे.

आता साधनांबद्दल. सगळी सांगत बसत नाही, जिथे विद्यार्थी अडखळतात तेवढीच घेतो.

लोवासचा स्थानिक लेमा, म्हणजे एर्डोश आणि लोवास यांच्या १९७५ च्या कामातला, आज वापरतात त्या रूपात असा: प्रत्येक वाईट घटनेची संभाव्यता प पर्यंत, प्रत्येकीचा संबंध जास्तीत जास्त ड इतर घटनांशी, आणि ई × प × (ड+१) ≤ १ (ई म्हणजे २.७१८…), तर सगळ्या घटना एकदम टळण्याची संभाव्यता धन असते. दहा-दहा घटकांचे संच दोन रंगांत रंगवायचे असतील तर एक संच एकरंगी निघण्याची संभाव्यता १/५१२. नुसती बेरीज करून ५११ संचांपर्यंतच बोलता येतं. लेमाने संच कितीही असोत, प्रत्येक संच जास्तीत जास्त १८७ इतरांना छेदत असेल तर काम होतं. फायदा कुठे आहे ते लक्षात घ्या: एकूण संख्या प्रचंड पण प्रत्येकीचा गोतावळा लहान. रॅम्झीच्या प्रश्नात जवळजवळ सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध येतो, म्हणून तिथे हा लेमा (स्पेन्सर, १९७५) साध्या मर्यादेला जेमतेम २ ने गुणतो.

लेमातली नेहमीची चूक म्हणजे जोडीजोडीने स्वतंत्र असलेल्या घटनांना परस्पर स्वतंत्र मानणं. तीन नाणी उडवा. वाईट घटना तीन: पहिलं-दुसरं सारखं, दुसरं-तिसरं सारखं, पहिलं-तिसरं सारखं. प्रत्येकीची संभाव्यता १/२, कुठल्याही दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र. परस्पर स्वतंत्र असत्या तर तिन्ही टळण्याची संभाव्यता १/८ आली असती. प्रत्यक्षात ती शून्य आहे, कारण नाण्याला दोनच बाजू आणि नाणी तीन. म्हणून अवलंबन ठरवताना घटनांकडे न पाहता त्यांच्या मागच्या मूळ नाणेफेकींकडे पाहा: ज्या दोन घटना एखादी नाणेफेक वाटून घेतात त्या जोडलेल्या, बाकीच्या नाहीत. ही शिस्त पाळलीत तर मोझर आणि टार्डोश यांची २०१० ची कृतीही फुकट पदरात पडते: घडलेली वाईट घटना पकडा, फक्त तिची नाणी पुन्हा उडवा, असं करत राहा.

दुसरी घसरण अपेक्षित मूल्यावर भलत्या दिशेने विश्वास ठेवण्याची. अपेक्षा शून्याकडे गेली तर वस्तू बहुधा नसते, हे बरोबर. अपेक्षा अनंताकडे गेली म्हणून वस्तू असतेच, हे चूक. चारांचा पूर्ण ग्राफ आणि त्याला लटकलेली एक जास्तीची कड अशी आकृती घ्या: ५ बिंदू, ७ कडा. प = न^(−०.७) ठेवा. आकृतीच्या प्रतींची अपेक्षा न^(५−४.९) = न^(०.१), म्हणजे वाढती. पण तिच्या आतल्या चारांच्या पूर्ण ग्राफची अपेक्षा न^(४−४.२) = न^(−०.२), म्हणजे तो बहुधा एकही नाही, मग शेपटीसकट कुठून येणार? एखाद्या दुर्मीळ ग्राफमध्ये चारांचा समूह आलाच तर त्याला असंख्य शेपट्या फुटतात आणि सरासरी फुगते. म्हणून अस्तित्व सिद्ध करताना सर्वांत दाट उपआकृती शोधायची आणि विचलनाचा हिशेब, म्हणजे दुसऱ्या घाताची पद्धत, त्या उपआकृतीसह मांडायचा.

तिसरं साधन डिपेंडंट रँडम चॉइस. हे शिकायला सर्वांत कमी वेळ लागतो आणि ते सर्वांत जास्त वापरलं जातं. दाट ग्राफात असा संच हवा की त्यातल्या प्रत्येक जोडीला भरपूर सामाईक शेजारी असतील. संचच रँडम घेतला तर जमत नाही. त्याऐवजी दोन बिंदू रँडम घ्यायचे (तोच दोनदा आला तरी चालेल) आणि त्यांचे सामाईक शेजारी हा संच मानायचा. समजा सरासरी डिग्री म × √न आहे. संचाच्या आकाराची अपेक्षा किमान म^२. ज्या जोडीला म पेक्षा कमी सामाईक शेजारी आहेत ती जोडी या संचात येण्याची संभाव्यता (म/न)^२ हून कमी, आणि जोड्या न^२/२ च्या आत, म्हणून संचात अपेक्षित वाईट जोड्या म^२/२ हून कमी. प्रत्येक वाईट जोडीतला एक बिंदू काढा. किमान म^२/२ बिंदूंचा स्वच्छ संच उरतो. आता एकूण म बिंदूंचा कुठलाही दुभागी ग्राफ घ्या, ज्याच्या एका बाजूच्या प्रत्येक बिंदूला दोनपर्यंत शेजारी आहेत. दुसरी बाजू या स्वच्छ संचात ठेवा आणि पहिल्या बाजूचे बिंदू एकेक करून सामाईक शेजाऱ्यांत बसवत जा. जागा कधीच संपत नाही. निष्कर्ष: असा ग्राफ टाळायचा तर कडा न^(३/२) च्या घरातच राहतात. चौकोनही याच वर्गात मोडतो. खालच्या मर्यादेला रँडम रचना जिथे कमी पडली, त्याच प्रश्नाच्या वरच्या मर्यादेला रँडम निवडीने पूर्ण घातांक दिला. त्यामुळे ‘हा प्रश्न रँडम पद्धतीचा नाही’ असं सरसकट म्हणू नका. रचना करताना ती चालत नाही आणि सिद्ध करताना चालते, असं बऱ्याचदा होतं.

मेझर थिअरीचं उत्तर छोटं आहे. इथल्या जवळजवळ सगळ्या संभाव्यता सांत संचांवरच्या आहेत, तेव्हा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ती अडत नाही. ग्राफ लिमिट्सकडे (मोठ्या होत जाणाऱ्या ग्राफांच्या सीमांकडे) वळलात तर मात्र लागेल. त्याहून आधी हवी ती अंदाज बांधण्याची सफाई: न पैकी क च्या निवडी (ई × न / क)^क च्या आत असतात, (१−प)^म हे ई^(−प×म) हून मोठं नसतं, स्टर्लिंगचं सूत्र, चर्नॉफ आणि होफडिंगच्या असमानता (रँडम बेरीज सरासरीपासून दूर जाण्याच्या संभाव्यतेला वरची मर्यादा देणाऱ्या). शेवटच्या असमानतेचा नेहमीचा वापर असा: अर्ध्या घनतेच्या रँडम ग्राफात एका बिंदूची डिग्री सरासरीपासून √(न लॉग न) हून दूर जाण्याची संभाव्यता जास्तीत जास्त २/न^२, न बिंदूंची बेरीज २/न, म्हणून सगळ्याच डिग्री एकदम ताब्यात. हे कागदावर न अडखळता लिहिता आलं पाहिजे. आणि संभाव्यतेइतकाच वेळ सांत क्षेत्रांना आणि रेषीय बीजगणिताला द्या. पुण्यात या विषयाकडे येणारे बरेच जण नुसत्या प्रोबॅबिलिटीच्या तयारीने येतात आणि प्रोजेक्टिव्ह प्रतल समोर आलं की थांबतात.

पुढे कसं जायचं हे तुमचे मार्गदर्शक कशात काम करतात यावरही ठरेल, म्हणून नेमका विषय सुचवत नाही. पण एकट्याने वाचू नका. पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, गणेशखिंडीला विद्यापीठाचा गणित विभाग, एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान. आठवड्यातून एकदा फळ्यासमोर बसायला दोघे-तिघे मिळणं पुण्यात अवघड नाही. एकाने सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक असमानतेला ‘इथे समानता केव्हा?’ हे विचारायचं.

पहिल्या बैठकीसाठी एक गणित देतो. शरदचंद्र श्रीखंडे, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख, यांनी १९५९ मध्ये बोस आणि पार्कर यांच्याबरोबर लॅटिन चौरसांबद्दलचा (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं असे चौरस) ऑयलरचा तर्क खोटा ठरवला. त्यांच्या नावाचा ग्राफही त्याच वर्षीचा आहे. ४ × ४ च्या जाळीतले १६ बिंदू घ्या, निर्देशक ४ ने भागून उरणाऱ्या बाकीत मोजा, आणि दोन बिंदूंतला फरक ±(१,०), ±(०,१) किंवा ±(१,१) असेल तर जोडा. प्रत्येकाला ६ शेजारी, एकूण ४८ कडा. कुठल्याही दोन बिंदूंना, जोडलेले असोत वा नसोत, नेमके दोन सामाईक शेजारी आहेत हे हाताने तपासा. मग एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन बिंदू असलेला पूर्ण दुभागी ग्राफ टाळण्याची वरची मर्यादा १६ बिंदूंसाठी वरच्याच मोजणीने काढा. ड सरासरी डिग्री धरली तर १६ × ड(ड−१)/२ ≤ २ × १२० असं येईल, म्हणजे ड ≤ ६, कडा ≤ ४८, आणि श्रीखंड्यांचा ग्राफ ती मर्यादा तंतोतंत गाठतो. त्यानंतर खोडण्याची रीत त्याच १६ बिंदूंवर अचूक संख्यांनी चालवा: १२० शक्य कडा, ४३,६८० शक्य निषिद्ध प्रती, प्रत्येकीची संभाव्यता प^६. सर्वोत्तम प ०.२१ च्या आसपास येईल आणि हमी २१ कडांच्या थोडी वर. मग पायथनमध्ये त्या प चा रँडम ग्राफ शंभर वेळा काढून, एकावेळी जास्तीत जास्त प्रती मोडणारी कड आधी खोडून पाहा. हमीपेक्षा किती वर जाता येतं आणि ४८ पासून किती दूरच राहावं लागतं, हे दोन्ही आकडे लिहून ठेवा, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या ग्राफात किती जोड्यांना शून्य, एक आणि दोन सामाईक शेजारी आहेत त्याचा तक्ता शेजारी मांडा.